आयरिस किती वर्षे जगते, ते पावसाळा ठरवतो

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील बागकामाच्या सदरात पंधरवड्यापूर्वी आयरिस या फुलझाडावर लेख प्रसिद्ध झाला. छायाचित्रे देखणी होती आणि लेखकाला या फुलाविषयी खरा जिव्हाळा आहे, हेही जाणवत होते. परंतु ‘आयरिस एकदा लावली की जन्मभर फुलते, तिला फक्त थंडी मिळाली पाहिजे’ या त्यातील एका वाक्याला माझा आक्षेप आहे, आणि तो केवळ पुस्तकी नाही. जवळपास याच शब्दांतले आश्वासन एका ऑनलाइन विक्रेत्याच्या पाकिटावर वाचून मी चार वर्षांपूर्वी बारा कंद मागवले होते. त्यांचे पुढे काय झाले ते आधी सांगते, कारण माझे सगळे म्हणणे तिथूनच सुरू होते.

ते कंद डच आयरिसचे होते. लहानशा कांद्याएवढे, तपकिरी सालीचे. दिवाळी उरकल्यावर नोव्हेंबरच्या मध्यावर मी ते तीन कुंड्यांत लावले. पुण्याच्या थंडीत पात तरारून वर आली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नऊ दांड्यांवर जांभळी, पाकळीवर पिवळा पट्टा असलेली फुले उमलली. सोसायटीतील मंडळी गच्चीवर येऊन फोटो काढून गेली. एप्रिलमध्ये पात पिवळी पडून वाळली. पाकिटावर ‘बहुवर्षायू’ असे ठळक छापलेले असल्यामुळे मी कुंड्या तशाच कोपऱ्यात सरकवून ठेवल्या आणि पावसाळाभर त्यांच्याकडे पाहिलेही नाही. पितृपंधरवड्यात एक कुंडी उपडी केली तेव्हा मातीतून आंबूस वास आला. कंदांच्या जागी तपकिरी पापुद्रे उरले होते आणि बोटाने दाबताच त्यांतून करडा लगदा बाहेर येत होता. एका कंदाच्या बुडाशी तांदळाच्या कण्यांएवढी तीन-चार पिले मात्र अजून टणक होती. ती मी पुन्हा लावली. त्यांतून दोन वर्षे गवतासारखी पात येत राहिली, फूल काही आले नाही. विक्रेत्याला कळवले तर ‘आपण जादा पाणी दिले असावे’ असे उत्तर आले. जादा पाणी दिले गेले होते हे खरे, पण ते मी नव्हे, आषाढ-श्रावणाने दिले होते.

मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे या फजितीचे कारण शोधल्यावाचून मला स्वस्थ बसवेना. पहिले कारण असे की त्या वर्षीच्या फुलांचे श्रेय पुण्याच्या हवेचे नव्हतेच. डच आयरिसचे कंद विक्रीला येण्यापूर्वी गोदामात काही आठवडे उष्णतेत आणि मग काही आठवडे गारव्यात ठेवले जातात. म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि निम्मा हिवाळा पाकिटात शिरण्याआधीच उरकलेला असतो. आपण कुंडीत लावतो ते फुलायच्या बेतात आलेले रोप. दुसरे कारण असे की हा कंद कांद्यासारखा टिकून राहत नाही. फुलून झाल्यावर जुना कंद स्वतःला संपवून नवी पिले मागे ठेवतो. ती पोसली जाण्यासाठी पात नीट वाळेपर्यंत ऊन आणि त्यानंतर कोरडी, तापलेली माती लागते. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो. ज्या देशांत उन्हाळा ओला असतो तेथील माळी डच आयरिसला किंवा तिच्या बुटक्या भावंडाला, म्हणजे रेटिक्युलाटा आयरिसला, सरळ एका हंगामाचे फूल मानतात आणि दर वर्षी नवे कंद आणतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपणही झेंडू दर वर्षी नवाच लावतो. फक्त पाकिटावर तसे लिहिलेले असावे.

आता ‘आयरिस किती वर्षे जगते’ या मूळ प्रश्नाकडे वळते. आंब्याचे किंवा चिंचेचे वय विचारतो तसा हा प्रश्न आयरिसच्या बाबतीत विचारता येत नाही. आयरिसच्या सुमारे तीनशे जाती आहेत, त्या सगळ्या मूळच्या उत्तर गोलार्धातील आहेत, आणि केशर व ग्लॅडिओलस ही त्यांच्याच कुळातील मंडळी आहेत. यांपैकी बागांमध्ये सर्वाधिक लावली जाते ती बिअर्डेड आयरिस, म्हणजे खाली झुकलेल्या पाकळ्यांवर मऊ केसांची दाढी असलेली. तिला कांद्यासारखा कंद नसतो, तर आल्या-हळदीसारखा जमिनीलगत आडवा वाढणारा गड्डा असतो. गड्ड्याच्या टोकाला पंख्यासारखी पाने येतात आणि एका वसंतात त्या पंख्याच्या मधून फुलाचा दांडा निघतो. तो निघाला की त्या कोंबाचे काम संपले. त्यातून पुन्हा कधीही फूल येत नाही. मात्र त्याच्या दोन्ही बगलांना नवे कोंब फुटलेले असतात आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी ते फुलतात. केळ जशी घड दिल्यावर संपते आणि तिची पिले बाग पुढे चालवतात, तोच हा प्रकार. म्हणून एका कोंबाचे आयुष्य मोजायचे तर ते दोन-तीन वर्षांचे, आणि बेटाचे आयुष्य मोजायचे तर त्याला वरची मर्यादा जवळजवळ नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अल्बिकन्स ही पांढरी आयरिस. ती मूळची अरबस्तानाच्या दक्षिण भागातील. मुसलमान समाजात ती कबरींवर लावण्याची प्रथा पडली आणि त्या प्रथेबरोबर ती भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरत गेली. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुन्या दफनभूमींतही ती आज आढळते. ती बी धरत नाही. म्हणजे जिथे जिथे ती आहे, तिथे कोणीतरी हाताने गड्ड्याचा तुकडा नेऊन लावला आहे आणि तो तुकडा आधीच्या तुकड्याचा, तो त्याच्याही आधीच्या तुकड्याचा. अशा झाडाचे वय किती सांगायचे? शतके हे उत्तर चुकीचे नाही, आणि दोन वर्षे हेही चुकीचे नाही. बागेत लावणाऱ्याला खरे तर एवढेच हवे असते की आपण लावलेले बेट आपल्या अंगणात, आपल्या हवेत, किती वर्षे फुलत राहील. आणि याचे उत्तर गावागणिक बदलते.

थंडीचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण आपल्या लेखाचा सगळा भर त्यावर होता. बिअर्डेड आयरिसला फुलण्यासाठी काही आठवड्यांचा सणसणीत गारवा लागतो, हे मान्य. परंतु थंडीने ती सहसा मरत नाही. कॅनडाच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात पारा उणे ३० अंशांच्या खाली जातो, तिथेही ती बर्फाखाली निजून वसंतात उठते. तिचा शत्रू वेगळा आहे. तो मी न्यू जर्सीत माझ्या नणंदेच्या परसात प्रत्यक्ष पाहिला, आणि नाकाने ओळखला.

नणंद न्यू जर्सीत गेली अनेक वर्षे राहते आणि तिच्याकडे मी एकदा मे ते जुलै असे तीन महिने होते. तिच्या घरापासून माँटक्लेअर गावातील प्रेस्बी आयरिस उद्यान मोटारीने अर्ध्या तासावर आहे. १९२७ साली उभारलेल्या या उद्यानात डोंगराच्या उतारावर धनुष्याकृती वाफ्यांमध्ये सुमारे दीड हजार वाण लावलेले आहेत आणि प्रत्येक वाणापुढे तो कोणत्या साली निघाला याची पाटी आहे. एकोणिसाव्या शतकात निघालेले वाण तिथे कालच लावल्यासारखे टवटवीत होते. उद्यान उतारावर का आहे, हे मला त्या दिवशी कळले नाही. जूनअखेरीस नणंदेच्या सपाट परसात कळले. मे महिन्यात तिच्याकडची वीस-पंचवीस बेटे फुलांनी लवली होती. जूनमध्ये पाऊस आणि उकाडा एकदम सुरू झाला आणि एका सकाळी एक पंखा नुसता हात लावताच मुळासकट हातात आला. खालचा गड्डा शिजलेल्या सुरणासारखा मऊ झाला होता आणि त्याला इतकी दुर्गंधी होती की नणंदेने आधी नाकाला ओढणी, म्हणजे तिकडचा स्कार्फ, बांधला आणि मगच खुरपे उचलले.

गड्डा चिरला तेव्हा आत करंगळीएवढी, गुलाबी पाठीची, तपकिरी डोक्याची अळी निघाली. हा आयरिस पोखरणारा किडा. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातील बागांना तो पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. त्याचा पतंग शरद ऋतूत सुकलेल्या पानांवर अंडी घालतो, वसंतात अळी बाहेर पडून पानाच्या दुमडीतून पोखरत खाली उतरते आणि गड्ड्यात शिरते. तिने पाडलेल्या भोकातून जीवाणू आत जातात आणि ओल्या उबेत गड्डा कुजू लागतो. आले आणि हळद लावणारे आपले शेतकरी ज्याला कंदकूज म्हणतात, तिचीच ही चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. नणंदेने पुढचा सगळा आठवडा बेटे उपटण्यात घालवला. सडका भाग जुन्या चमच्याने खरवडून काढायचा, निरोगी भाग पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा, उन्हात चार दिवस जखम सुकू द्यायची आणि मग उंचवटा करून त्यावर गड्डा असा ठेवायचा की त्याची पाठ उघडी राहील आणि मुळे दोन्ही बाजूंनी मातीत उतरतील. तिथल्या हवेत हे दर तीन-चार वर्षांनी करावेच लागते. जो करत नाही, त्याचे बेट मधोमध निबर होते, फुले कमी होतात, आणि एखाद्या ओल्या उन्हाळ्यात सगळेच बसते.

नणंदेचा मुलगा डेन्व्हरला असतो आणि त्याने काही वर्षांपूर्वी आईच्याच बेटातील गड्डे तिकडे नेले. डेन्व्हरचा हिवाळा न्यू जर्सीपेक्षा कडक. उणे २० अंशांखाली पारा जाणे तिथे नवलाचे नाही. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला चारशे मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. उन्हाळा कोरडा, हवा विरळ, ऊन कडक. भाचा स्वभावाने आळशी आहे, हे तो स्वतःच सांगतो. त्याने बेटे एकदाही विभागली नाहीत, खत घातले नाही, शरदात पाने कापली नाहीत. त्याच्या कुंपणालगतच्या बेटांचा आता नुसता पट्टा झाला आहे. फुले पूर्वीपेक्षा लहान येतात, पण कूज त्याने अजून पाहिलेली नाही. एकाच आईची लेकरे, एक डोळ्यांत तेल घालून सांभाळलेले आणि दुसरे वाऱ्यावर सोडलेले, आणि दुसरेच धडधाकट! नणंदेला याचा मनापासून राग येतो.

त्या मुक्कामाच्या शेवटी नणंद मलाही दोन गड्डे कागदात गुंडाळून देत होती. मी घेतले नाहीत. २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून रोपे, कंद किंवा गड्डे परवान्यावाचून आणता येत नाहीत, आणि ज्या किड्याचे प्रताप मी नुकतेच पाहिले होते त्याला सामानात घालून भारतात आणण्याची माझी इच्छा नव्हती. सुटकेसच्या कोपऱ्यातून रोपे आणण्याच्या हकिकती आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता आपल्या देशातील उदाहरण. काश्मीर खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत कब्रस्तानांत निळ्या-पांढऱ्या आयरिस फुलतात. तिथल्या पांढऱ्या आयरिसला वनस्पतिशास्त्रात काश्मिरियाना असेच नाव आहे, आणि केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या फुलांच्या ज्या जाती घेऊन संकर सुरू केले, त्यांत काश्मीरच्या आयरिसचाही वाटा होता. आज जगभर विकल्या जाणाऱ्या उंच आयरिसच्या रक्तात काश्मीर आहे, असे म्हटले तर ते वावगे नाही. तर त्या कब्रस्तानांत कोणी गड्डे विभागत नाही, कोणी औषध मारत नाही, तरी आयरिस वर्षानुवर्षे टिकून आहे.

वाचक म्हणतील की काश्मीरची थंडी कुठे आणि आपली कुठे. पण क्षणभर थंडी बाजूला ठेवून पाऊस पाहा. श्रीनगरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आणि पुण्यालाही जवळजवळ तेवढाच पडतो. आकडा एक, वेळापत्रक उलटे. श्रीनगरला त्यातला मोठा वाटा हिवाळा आणि वसंतात येतो, मार्च-एप्रिल सर्वांत ओले; पीर पंजाल पर्वतरांगेच्या भिंतीमुळे मोसमी पावसाचा जोर खोऱ्यात शिरेपर्यंत बराच ओसरलेला असतो. म्हणजे आयरिस वाढत असते तेव्हा तिला पाणी मिळते आणि फुलून दमल्यावर ती निजते तेव्हा वरून फार मारा होत नाही. पुण्यात याच्या नेमके उलट घडते. ती वाढते तेव्हा आपण बादलीने पाणी घालतो आणि ती निजते तेव्हा चार महिने आभाळ गळते. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे उत्तर या एका तुलनेत आहे, आणि आपल्या लेखात नेमकी तीच नव्हती.

काश्मीरमध्ये नोकरीला असलेल्या एका परिचितांनी मला अशा आयरिसचे तीन गड्डे आणून दिले होते. मी ते विटांचा उंच वाफा करून, निम्मी भरड वाळू घालून लावले आणि पावसाळ्यात वर प्लास्टिकचे छप्पर धरले. पहिली दोन वर्षे नुसती पाने आली. जानेवारीत पुण्यात पहाटे १०-१२ अंश असतात, पण दुपारी तापमान तिसाच्या घरात जाते, आणि एवढ्या थंडीने तिची फुलण्याची भूक भागत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने छप्पर उडाले, मी गावाला गेले होते, आणि परत येईपर्यंत न्यू जर्सीत ओळखलेला तो वास वाफ्याला येत होता.

कोरड्या उन्हाळ्याचा फायदा सर्वांत चोख कोणी वसूल केला असेल तर तो इटलीतील तोस्कानाच्या शेतकऱ्यांनी. फ्लॉरेन्सच्या आसपासच्या टेकड्यांवर, बांधाबांधांनी, पालिडा ही फिकट निळी आयरिस शेतमाल म्हणून लावली जाते. तिथे ती किती वर्षे जगते? तीन, कारण तिसऱ्या उन्हाळ्यात तिला खणून काढतात. पानांचा तुरा गड्ड्याच्या छोट्या तुकड्यासह कापून पुन्हा जमिनीत लावतात आणि उरलेला गड्डा सोलून, वाळवून, पुढची दोन-तीन वर्षे तसाच मुरत ठेवतात. खणलेल्या गड्ड्याला मातीखेरीज विशेष वास नसतो. मुरता मुरता त्याला व्हायोलेटच्या फुलांसारखा सुगंध येतो आणि तो अत्तरांत जातो. जमिनीत तीन वर्षे आणि कोठारात दोन-तीन वर्षे, अशी त्या आयरिसची दोन आयुष्ये आहेत. सुकलेले तुकडे दिसायला आपल्या बाळगुटीतील वेखंडासारखे असतात, आणि हे साम्य जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही जाणवले होते. युरोपातील पाणथळ जागी वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसचे शास्त्रीय नाव सूडाकोरस आहे, म्हणजे अक्षरशः ‘खोटे वेखंड’.

हे खोटे वेखंड मात्र कोरड्या उन्हाळ्याचा माझा नियम मोडते, आणि तसे करणारी ती एकटी नाही. तिचे पाय पाण्यात असले की ती खूष. उत्तर अमेरिकेत शोभेसाठी नेली गेली आणि आता ओढ्या-तळ्यांचे काठ व्यापून बसली आहे. तिथे प्रश्न ती किती जगते हा नसून ती मरेल कशी हा आहे. लुइझियानाच्या दलदलीतील आयरिसनाही आपल्या कोकणासारखा पाऊस आणि दमट उष्मा मानवतो. त्यांचा गड्डा उघडा ठेवला तर उन्हाने भाजतो, म्हणून त्यावर पालापाचोळ्याचे पांघरूण घालावे लागते. नणंदेने गड्ड्याची पाठ उघडी ठेवली ती का, आणि न्यू ऑर्लिन्सचा माळी ती झाकतो ती का, हे ज्याला कळले त्याला आयरिसचे निम्मे शास्त्र कळले. त्याच अमेरिकेच्या दक्षिण फ्लोरिडात बिअर्डेड आयरिस नीट टिकत नाही. हिवाळा नावापुरता आणि उन्हाळा ओला, असे मुंबई-गोव्याचेच वळण तिथे आहे.

जपानचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे, कारण तिथेही जूनमध्ये पावसाळा सुरू होतो. तिकडची हानाशोबू ही आयरिस त्या पावसातच फुलते. तोक्योतील मेइजी मंदिराच्या आतल्या बागेत आणि होरिकिरीच्या बागेत जून महिन्यात छत्र्या घेतलेल्या माणसांची रीघ लागते. ती चिखलात वाढते असा समज छायाचित्रांमुळे होतो, पण अनेक बागांत पाणी फुलण्याच्या काळापुरतेच भरतात. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचून गोठले तर ती मरते, आणि मातीत चुना असेल तर पिवळी पडत जाते. तिची नवी मुळे जुन्या मुळांच्या वर फुटतात, त्यामुळे दर वर्षी ती थोडी थोडी जमिनीबाहेर उचलली जाते. तीन-चार वर्षांनी तिला काढून, विभागून, नव्या मातीत थोडी खोल लावली नाही तर ती खंगते. एवढी निगा घेतली म्हणूनच एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत, निघालेले वाण तिथे आजही पाहायला मिळतात. याउलट सायबेरियन आयरिसला अजिबात हात लावू नये. गार, ओलसर हवेत ती दहा-दहा वर्षे एका जागी राहते, मधला भाग पोकळ होऊन बेटाचे कडे झाले की मगच कुदळ घ्यावी. आणि जॉर्डनचे राष्ट्रीय फूल असलेली काळी आयरिस तर उन्हाळाभर एक थेंबही सहन करत नाही. तिच्या नातलगांसाठी इंग्लंडमधील हौशी माळी काचेची झाकणे करून ठेवत, पाऊस आला की छत्रीसारखी घालायला.

मग महाराष्ट्रात कोणती आयरिस वर्षानुवर्षे राहते? माझ्या अनुभवात एकच, आणि तिला बहुतेक लोक आयरिस म्हणून ओळखतच नाहीत. ब्लॅकबेरी लिली म्हणून आपल्या जुन्या बागांमध्ये असलेले, नारिंगी पाकळ्यांवर लाल ठिपक्यांचे ते फूलझाड पूर्वी बेलॅमकँडा या नावाने वेगळे गणले जाई. जनुकीय अभ्यासानंतर २००५ साली त्याला आयरिसमध्ये घेतले गेले आणि त्याचे नाव आयरिस डोमेस्टिका झाले. पावसाळा तिला बाधत नाही. फूल एका दिवसाचे. संध्याकाळी पाकळ्या ओल्या फडक्यासारख्या पिळल्या जातात. शेंग फुटली की काळेभोर चकचकीत बी ब्लॅकबेरीसारखे दिसते. एक बेट पाच-सहा वर्षांत थकते, पण तोवर आजूबाजूला बियांची रोपे उभी असतात.

रोपवाटिकांत ‘आयरिस’ म्हणून जे सर्रास मिळते ते बहुधा आफ्रिकेतील डायेटिस किंवा ब्राझीलकडील निओमॅरिका असते. निओमॅरिकाच्या दांड्याच्या टोकाला नवे रोप येते, भाराने दांडा वाकतो आणि ते रोप टेकेल तिथे रुजते, म्हणून तिला चालती आयरिस म्हणतात. ही दोन्ही झाडे आपल्या हवेत खरोखरच चिवट आहेत, सोसायट्यांच्या कुंपणालगत वर्षानुवर्षे राहतात आणि कोणी लावावीत यास माझी हरकत नाही. पण ती आयरिसच्या कुळातील असली तरी आयरिस नव्हेत. आपल्या लेखातील तिसऱ्या छायाचित्रात डायेटिस होती आणि त्याखालील मजकुरात काळजी घेण्याची माहिती होती ती बिअर्डेड आयरिसची. ‘जन्मभर फुलते’ हे वाक्य त्या छायाचित्राखाली खरे ठरले असते, पहिल्या छायाचित्राखाली नाही, आणि वाचक कंद मागवणार ते पहिले छायाचित्र पाहून.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, या सदरात एखादे परदेशी फुलझाड सुचवताना ते कोणत्या महिन्यांत वाढते, कोणत्या महिन्यांत निजते आणि निजताना त्याला कोरडे हवे की ओले, एवढे तरी छापावे. नुसते किमान तापमान देऊन भागत नाही. दुसरी, कंद विकणाऱ्यांनी ‘बहुवर्षायू’ हा शब्द कोणत्या प्रदेशासाठी वापरला आहे ते पाकिटावर स्पष्ट करावे. तूर, कपाशी यांच्या बियाण्याच्या वाणाबरोबर कोणत्या विभागासाठी शिफारस आहे ते सांगितले जाते. शोभेच्या कंदांसाठीही हीच शिस्त असायला काय हरकत आहे?

ज्या वाचकांच्या कुंड्यांत या घडीला डच आयरिसची वाळलेली पात उभी असेल, त्यांनी मात्र दुरुस्तीची वाट पाहू नये. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, कंद खणून काढावेत, माती झटकून दोन दिवस सावलीत पसरावेत आणि कांदे ठेवतो तसे जाळीच्या पिशवीत, हवा खेळेल अशा जागी टांगून ठेवावेत. मोठे कंद नोव्हेंबरमध्ये लावून पाहता येतील. कण्यांएवढ्या पिलांसाठी कुंडी अडवू नये. माझी दोन वर्षे त्यात गेली. माझ्या त्या तीन कुंड्यांपैकी एकीत आता ब्लॅकबेरी लिली आहे, दुसरीत निओमॅरिका शेजारच्या कुंडीत पाऊल टाकायच्या बेतात आहे, आणि तिसरीत मी कोथिंबीर पेरली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे